सावलीच्या आत काय?

हृदयाभोवती एक आवरण असते. गर्भावस्थेत ते घडताना क्वचित त्याचा एखादा कप्पा वेगळा राहतो व त्यात पाण्यासारखा द्रव साठतो. हीच हृदयावरणाची सिस्ट. सुमारे लाखात एकाला ती असते. बहुतेकांना तिचा त्रास नसतो.

१८९५ मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि पुढे छातीच्या चित्रांत अशा गाठी अवचित दिसू लागल्या. पण दिसे ती केवळ सावली. हृदयाला लागून असलेली ही गोल सावली पाण्याची पिशवी की कर्करोग? छाती उघडल्याशिवाय खात्री होत नसे. १९३१ मध्ये न्यूयॉर्कचे शल्यविशारद ऑटो पिकहार्ट यांनी अशी सिस्ट शस्त्रक्रियेने काढली.

१९७१ मध्ये हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने लंडनमध्ये एका रुग्णाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला. पुढे छातीचेही स्कॅन होऊ लागले. पदार्थ क्ष-किरण किती शोषतो, हे त्यात अंकाने कळते. हाउन्सफील्ड मोजपट्टीवर पाणी शून्य, हवा उणे हजार. सिस्टमधील द्रवाचा अंक बहुधा शून्याजवळ येतो, तर मांसल गाठीचा त्याहून वर.

त्यामुळे त्रास नसल्यास आज अधूनमधून तपासणी पुरते. धाप लागली किंवा हृदयावर दाब आला, तरच सुईने द्रव काढतात किंवा सिस्ट काढून टाकतात.

मापन शिकवताना हे उदाहरण वर्गात जरूर सांगावे. पाण्याशी केलेल्या तुलनेने कित्येकांची शस्त्रक्रिया टळली आहे.