कर्ता नसलेले कलम

मराठी वाचकाला 'हबशी' हा शब्द नवा नाही. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या मुलखाला आपल्याकडे 'हबसाण' म्हणत, आणि अखेरच्या काळात निजामशाही ज्याने सावरून धरली तो मलिक अंबर हबशीच होता. ज्या देशावरून हा शब्द आला त्या ॲबिसिनियाचे, म्हणजे आजच्या इथिओपियाचे, १९३५-३६ मधील एक प्रकरण आम्ही येथे मांडू इच्छितो. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात ते 'राष्ट्रसंघाच्या अपयशाची कारणे' या मथळ्याखाली चार-दोन ओळींत आटोपते. आम्ही भाषेची माणसे. त्यामुळे कारणांपेक्षा, ज्या वाक्यांवर एका राष्ट्राने आपला जीव टांगला त्या वाक्यांकडेच आमचे लक्ष अधिक गेले.

ही वाक्ये राष्ट्रसंघाच्या करारातील आहेत. करार १० जानेवारी १९२० रोजी अमलात आला. सामूहिक सुरक्षिततेची त्यामागची कल्पना थोडक्यात अशी : एकावर झालेला हल्ला हा सर्वांवरचा हल्ला समजायचा, म्हणजे हल्ला करण्याचे धाडसच कोणाला होणार नाही. कलम १० ने सदस्यांच्या भूमीची आणि स्वातंत्र्याची हमी दिली. पण ती कोणत्या उपायांनी पाळायची याबाबत राष्ट्रसंघाच्या मंडळाने 'सल्ला' द्यायचा होता. कलम १६ अधिक कडक होते. करार मोडून जो सदस्य युद्धाला उभा राहील, त्याने इतर सर्व सदस्यांविरुद्ध युद्धकृत्य केले असे मानले जाईल, असा त्याचा आशय.

मानले जाईल, पण कोणाकडून? व्याकरणाच्या तासाला आपण ज्याला नवीन कर्मणी म्हणतो, तो इंग्रजीच्या वळणाने आलेला प्रयोग येथे नेमका उपयोगी पडतो. क्रिया आहे, कर्म आहे. कर्ता मात्र गुलदस्त्यात. १९२१ मध्ये राष्ट्रसंघाच्या सभेने ठराव करून ही जागा भरली खरी, पण ती अशी की करारभंग झाला की नाही हे प्रत्येक सदस्याने आपापल्यापुरते ठरवावे. 'सर्व' या शब्दाची 'ज्याचा त्याने' अशी फोड झाली. येथपासून पुढचे सारे ओघानेच आले असे आम्हांस वाटते.

इथिओपिया १९२३ मध्ये राष्ट्रसंघाचा सदस्य झाला. १८९६ मध्ये अडोवाच्या लढाईत त्याने इटलीच्या फौजेचा पाडाव केला होता, आणि इटली ते विसरली नव्हती. १९२८ मध्ये दोन्ही देशांनी वीस वर्षांच्या मैत्रीचा तह केला. डिसेंबर १९३४ मध्ये वालवाल येथील पाणवठ्यावर चकमक झाली. ही जागा इथिओपियाच्या हद्दीत बरीच आत असूनही भरपाई मागितली ती इटलीने. सम्राट हैले सेलासी यांनी प्रकरण जिनीव्हाला नेले. लवादाने सप्टेंबर १९३५ मध्ये निर्णय दिला की दोष कोणाचाच नाही. दरम्यान इंग्लंड-फ्रान्सने दोन्ही पक्षांना शस्त्रे विकणे थांबविले होते. इटली आपली शस्त्रे आपणच बनवीत होती, तेव्हा या निःपक्षपाताचा फटका कोणाला बसला हे सांगावयास नको. आणि तरीही कुरापत काढायला निमित्त मिळू नये म्हणून सम्राटाने आपले सैन्य सरहद्दीपासून ३० किलोमीटर मागे घेतले. या प्रकरणातील आम्हांला सर्वांत अस्वस्थ करणारा तपशील हाच. कराराच्या अक्षरावर ज्याचा विश्वास होता त्याने आपले ठाणे स्वतःच मोकळे केले.

३ ऑक्टोबर १९३५ रोजी इटलीचे सैन्य सीमा ओलांडून आत शिरले. राष्ट्रसंघ काहीच बोलला नाही असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. चारच दिवसांत मंडळाने इटलीला करार मोडल्याबद्दल दोषी ठरविले, पन्नास राष्ट्रांनी त्याला संमती दिली आणि १८ नोव्हेंबरपासून आर्थिक निर्बंध लागू झाले. असे पूर्वी कधी घडले नव्हते. इटलीचा माल घेणे बंद, तिला कर्ज देणे बंद, शस्त्रे आणि काही कच्चा माल पुरविणे बंद. परंतु त्या यादीत ॲल्युमिनियम होते, जे इटलीकडे स्वतःचेच मुबलक होते. खनिज तेल नव्हते, ज्यावाचून रणगाडा हलत नाही की विमान उडत नाही. तेलाचा प्रश्न 'पुढे पाहू' म्हणून ठेवला गेला. सुएझ कालवाही उघडाच राहिला. इटलीची सैन्यवाहू जहाजे रीतसर शुल्क भरून त्यातून जात राहिली. तेल अडविले असते तर आठवड्याभरात माघार घ्यावी लागली असती, अशी कबुली पुढे मुसोलिनीने हिटलरजवळ दिल्याचे दुभाषा पॉल श्मिट याने नोंदविले आहे.

मग तेल का अडविले नाही? अमेरिका सदस्य नव्हती, ती पुरवीत राहिली असती, हे एक उत्तर. दुसरे उत्तर जर्मनीचे. मार्च १९३५ मध्ये हिटलरने सक्तीची लष्करभरती जाहीर केली होती आणि त्याच्याविरुद्ध मुसोलिनी आपल्या बाजूस असावा असे लंडन-पॅरिसला वाटत होते. हा विचार मूर्खपणाचा नव्हता, हे मान्य केले पाहिजे. केवळ त्याची किंमत दुसऱ्याच्या जमिनीने चुकवायची होती. इंग्लंडचे परराष्ट्रमंत्री सर सॅम्युअल होअर (आधी भारतमंत्री असलेले, १९३५ च्या कायद्याचे हेच ते) सप्टेंबरमध्ये जिनीव्हाला सामूहिक प्रतिकाराची ग्वाही देऊन आले आणि डिसेंबरमध्ये फ्रान्सच्या लाव्हाल यांच्याबरोबर बसून त्यांनी इथिओपियाच्या फाळणीचा मसुदा तयार केला. इथिओपियाने मोठा प्रदेश सोडायचा आणि बदल्यात समुद्रापर्यंतची एक चिंचोळी पट्टी घ्यायची. लंडनच्या 'टाइम्स'ने तिला उंटांची वाट म्हणून हिणवले. मसुदा पॅरिसच्या वृत्तपत्रांत फुटला. त्याच वर्षी इंग्लंडात घेतलेल्या शांतताविषयक जनमतात एक कोटीहून अधिक लोकांनी भाग घेतला होता आणि त्यांतील प्रचंड बहुसंख्येने आर्थिक निर्बंधांना कौल दिला होता. लोक खवळले, होअर यांना जावे लागले. तेल मात्र वाहतच राहिले.

रणांगणावर विषारी वायू आला. त्याचा वापर न करण्याच्या १९२५ च्या जिनीव्हा करारावर इटलीचीही सही होती. ५ मे १९३६ रोजी आदिस अबाबा पडले आणि ३० जून रोजी परागंदा सम्राट जिनीव्हाच्या व्यासपीठावर उभा राहिला. इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या फुंकून गोंधळ घातला; त्यांना बाहेर काढल्यावर तो बोलला. फ्रेंच उत्तम येत असूनही अम्हारिकमध्ये बोलला. ते भाषण आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना आवर्जून वाचावयास सांगतो. विमाने एकामागून एक कशी येत, मोहरीवायूचे फवारे धुक्यासारखे कसे पसरत, माणसे, गुरे, नद्या, कुरणे त्यात कशी भिजत, हे तो हिशेबनीसाच्या तटस्थपणे सांगतो. आणि मग सभेपुढे प्रश्न ठेवतो : मी माझ्या लोकांकडे कोणते उत्तर घेऊन जाऊ? अलंकारशास्त्रात उत्तराची अपेक्षा नसलेल्या प्रश्नाला वेगळे स्थान आहे. सम्राटाला मात्र उत्तर हवे होते. त्याने कर्जाची मागणी केली. तिच्या बाजूने एकच मत पडले, इथिओपियाचे. १५ जुलैला निर्बंध उठले. ज्याच्यासाठी हे सारे केले त्या मुसोलिनीने त्याच वर्षी हिटलरशी सख्य जोडले आणि १९३७ मध्ये राष्ट्रसंघही सोडला.

त्या पन्नास राष्ट्रांत भारतही होता. पारतंत्र्यात असताना आपण राष्ट्रसंघाचे मूळ सदस्य होतो, ही त्या काळाची आणखी एक व्याकरणातील गंमत. नाव भारताचे, शिष्टमंडळ नेमणार इंग्रज सरकार. हबशी भूमीवर आपली माणसे प्रत्यक्ष पोहोचली ती पाच वर्षांनी. इटली महायुद्धात उतरल्यावर तिच्या एरिट्रिया वसाहतीतील केरेनचे डोंगर फोडण्यासाठी १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जी लढाई झाली, तीत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण होती. दख्खन आणि कोकणातील घरांतून गेलेली ही पोरे उभे कडे चढून गेली. जिनीव्हाच्या कोणत्याही कलमाने त्यांना तेथे पाठविले नव्हते. साम्राज्याचे युद्ध होते म्हणून ती गेली. १९३५ मध्ये एका यादीत तेल हा शब्द घालून जे कदाचित साधले असते, त्यासाठी हे रक्त सांडावे लागले, असे म्हणणे थोडे सोपे होईल हे आम्ही जाणतो. पण ते मनातून जात नाही.

५ मे १९४१ रोजी, राजधानी पडल्याला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, हैले सेलासी आदिस अबाबाला परतले. १९४५ ची संयुक्त राष्ट्रांची सनद लिहिताना जुन्या कलमाची उणीव ध्यानात ठेवली गेली. शांतताभंग झाला की नाही हे कोण ठरविणार, याचे उत्तर कलम ३९ मध्ये स्पष्ट आहे : सुरक्षा परिषद. वाक्याला कर्ता मिळाला. फक्त त्या कर्त्याच्या पाच मुखांपैकी एकानेही नकार दिला तर वाक्य पुरे होत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरील हल्ल्याच्या ठरावाचे हेच झाले, कारण नकार देणारा आणि हल्ला करणारा एकच होता.

इथिओपियाने या नव्या सनदेवरही सही केली. आणि १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटले, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या हाकेला ओ देऊन सैन्य पाठविणाऱ्या देशांत तो होता. 'काग्न्यू' नावाची त्याची पलटण १९५१ मध्ये तेथे पोहोचली, आणि तिच्यापैकी शंभराहून अधिक जण त्या परक्या टेकड्यांवर मारले गेले.