'सेटलमेंट' : एका शब्दाचे अनेक अर्थ

सोलापुरात 'सेटलमेंट' म्हटले की एक वस्ती डोळ्यांसमोर येते. कोर्टात याच शब्दाचा अर्थ तडजोड, विमा कंपनीत दाव्याची रक्कम चुकती करणे, तर महसुलाच्या जुन्या कागदांत जमीनधारा ठरवणे. मुलाला नोकरी लागली की आपण 'सेटल झाला' म्हणतो, तेही यातलेच.

मूळ : जुन्या इंग्रजीत 'सेट्ल' म्हणजे आसन, बसायची जागा. त्यावरून 'बसवणे, स्थिर करणे' हे क्रियापद आले. 'सिट', 'सीट' हे त्याच कुळातले शब्द. संस्कृत 'सद्' धातू आणि पालीतील 'निसीदति' (खाली बसतो) यांचेही मूळ तेच आहे. 'समेट करणे' या अर्थाचा एक वेगळा जुना इंग्रजी शब्दही पुढे यात मिसळला, असे मानले जाते. तडजोडीचा अर्थ त्यातून बळावला.

महसूल : 1793 मध्ये बंगालमध्ये कायमधारा लागू झाला, त्याचे इंग्रजी नाव 'परमनंट सेटलमेंट'. आपल्याकडे रयतवारीची नवी आकारणी 1836 च्या सुमारास शेजारच्या इंदापूर तालुक्यातून सुरू झाली.

वसाहत : 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. 1911 च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यातही तो अंमल आला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये पारधी, कैकाडी अशा जमातींची कुटुंबे तारेच्या कुंपणात ठेवली गेली. ठरल्या वेळी हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचे नाही. शहरातील गिरण्यांना त्यातून कामगारही मिळाले. 31 ऑगस्ट 1952 रोजी देशभर हा कायदा रद्द झाला. या जमाती 'विमुक्त' झाल्या, पण वस्तीचे नाव तेच राहिले.

बाबासाहेबांचा अर्थ : मुंबई इलाख्यात या वसाहतींचे काम पाहणारे अधिकारी स्टार्ट 1928 साली नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते. अस्पृश्य व आदिवासींच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या या समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सदस्य होते. पुढे 1942 च्या नागपूर परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली. 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात बाबासाहेबांनी त्यासाठी 'सेटलमेंट कमिशन' सुचवले. सरकारी पडीक जमीन या आयोगाच्या ताब्यात द्यावी आणि तीवर गावगाड्याच्या जाचातून सुटलेली वस्ती उभी राहावी, ही त्यामागची कल्पना.

शब्द एकच. सरकारच्या सेटलमेंटमध्ये माणसाला जबरीने बसवले जात होते. बाबासाहेबांच्या सेटलमेंटमध्ये त्याने स्वतःच्या जमिनीवर मानाने बसायचे होते. म्हणून सोलापुरात हे नाव घेताना कोणाला कोणी बसवले होते, तेही पुढच्या पिढीला सांगावे.