आव्यातलं मडकं आणि अणुभट्टीतलं इंधन

न्याय-वैशेषिक दर्शनं शिकवताना एक जुना वाद आम्हाला नेहमी भेटत असे. कच्चं मडकं आव्यात भाजलं की काळ्याचं लाल होतं. हा बदल नेमका कशात होतो? वैशेषिक म्हणाले, परमाणूंत. मडकं परमाणूंपर्यंत विरतं आणि पुन्हा घडतं. नैयायिक म्हणाले, छे! मडकं जागच्या जागीच असतं. ते सच्छिद्र असल्यामुळे तेज आत शिरतं. आज हाच प्रश्न आपण विसाव्या शतकातल्या एका भट्टीला विचारू.

आधी १८५६ साल पाहू. कार्ल लुडविग यांनी सोडियम सल्फेटचं द्रावण नळीत भरून एक बाजू उकळत्या पाण्यात आणि दुसरी बर्फात ठेवली. क्षार थंड बाजूला जास्त जमला. १८७९ मध्ये जिनिव्हाच्या चार्ल्स सोरे यांनी अशा प्रयोगांचा पद्धतशीर अभ्यास मांडला. म्हणजे नुसत्या तापमानाच्या उतारानेही पदार्थ हलतो. पण हे झालं द्रवाचं. घन पदार्थाचं काय?

द्रुतगती अणुभट्टीतली ऑक्साइड इंधनाची गोळी जेमतेम पाच-सहा मिलिमीटर जाडीची असते. ऑक्साइड उष्णतेचा मंद वाहक. त्यामुळे गाभा २००० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो, तर कड त्याहून हजारएक अंशांनी थंड राहते. वापरलेल्या इंधनकांड्या जाड काचेआड कापून पाहिल्या, तेव्हा भरीव गोळीच्या मधोमध भोक दिसलं. ते कुणी पाडलं नव्हतं!

कारण होती गोळीतली सूक्ष्म छिद्रं. छिद्राच्या तप्त भिंतीवरून पदार्थाची वाफ होते आणि ती समोरच्या थंड भिंतीवर गोठते. असं होत होत छिद्रच गाभ्याकडे सरकतं. अशी असंख्य छिद्रं एकवटली की भोक तयार होतं. नैयायिकांच्या मडक्यालाही छिद्रं होती. इथे ती छिद्रंच चालू लागली.

यात धोका कुठे? युरेनियम-प्लुटोनियमच्या मिश्र इंधनात या बाष्पीभवनात युरेनियम तुलनेने जास्त निघून जातं, आणि भोकाच्या कडेला प्लुटोनियमचं प्रमाण वाढतं. म्हणजे सर्वांत तप्त जागीच जास्त उष्णता निर्माण होते, आणि तिथलाच वितळणबिंदू खाली येतो.

अभियंत्यांनी यातून धडा घेतला. कल्पाक्कमच्या प्रोटोटाइप द्रुतगती अणुभट्टीच्या इंधनगोळ्यांना भोक आधीच ठेवलेलं असतं. तिथल्याच १९८५ साली सुरू झालेल्या चाचणी अणुभट्टीत कार्बाइड इंधन निवडलं गेलं. ते उष्णता अधिक चांगली वाहून नेतं, त्यामुळे हा उतारही सौम्य राहतो.

मग वाद कोण जिंकलं? आम्ही निकाल देणार नाही. एवढंच म्हणू, की कारखान्यातून आलेली गोळी आणि भट्टीत तापलेली गोळी यांचं नाव एकच, नळीही एकच. पण सुरक्षिततेचा हिशेब मात्र दुसरीचा मांडावा लागतो.