पिशवी काढण्याआधी

पोहरादेवीला बंजारा समाजाची काशी म्हणतात. वाशिम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यात. रामनवमीच्या यात्रेला इथे कुठकुठल्या तांड्यांवरून माणसं येतात. ऊसतोडीचा हंगाम तेव्हा संपत आलेला असतो. कोयता ठेवून आलेल्या बायकांत बसलं, की एक वाक्य मी हमखास ऐकते, 'पिशवी काढली.' वय तिशीचं, कधी त्याच्याही आतलं. का काढली विचारलं, तर 'अंगावरून पांढरं जायचं. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर होईल.'

२०१९मध्ये नीलम गोऱ्हे समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा आकडा आला. पाहणी झालेल्या ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, म्हणून पाळीच नको, हे कारण आपण पुष्कळ वाचलं. कॅन्सरच्या धाकाबद्दल कमी बोललो.

खरं तर या आजाराचं उत्तर बीडला लागूनच असलेल्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात आधीच सापडलं होतं. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९मध्ये तिथे अभ्यास सुरू केला. ४९७ गावं, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ धडधाकट बायका. गावांचे चार गट केले. एकात एचपीव्ही या विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, तिसऱ्यात व्हिनेगरसारखं द्रावण लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी. चौथ्या गटाला फक्त तपासणी कुठे होते याची माहिती. निकाल २००९मध्ये छापून आला. आठ वर्षांत चौथ्या गटातल्या ३१,४८८ पैकी ६४ जणी या कॅन्सरने गेल्या, एचपीव्ही गटातल्या ३४,१२६ पैकी ३४. चाचणी केली होती एकदाच.

त्या ६४ जणींना तपासणीशिवाय का ठेवलं, असा सवाल पुढे टीकाकारांनी केला. मला तो रास्त वाटतो.

एचपीव्ही शरीरसंबंधातून येतो आणि बहुतेकींच्या अंगातून एक-दोन वर्षांत आपोआप जातो. ठाण मांडून बसला तरी कॅन्सर व्हायला सहसा दहाएक वर्षं तरी लागतात. तेवढ्या अवधीत पिशवीच्या तोंडावरची बिघडलेली जागा गोठवून नष्ट करता येते. पिशवी राहते, पुढे मूलही होऊ शकतं. कॅन्सर पसरल्यावर मात्र शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन, आणि दोन्हींत मूल होण्याची वाट बंद. नुसतं पांढरं जाणं हे बहुतेकदा साध्या संसर्गाचं, औषधाने बरं होणारं दुखणं असतं.

बार्शीचं नाव पुन्हा येतं ते लसीच्या इतिहासात. २००९मध्ये बार्शीसह देशात नऊ ठिकाणी मुलींना एचपीव्हीची लस देऊन अभ्यास सुरू झाला. आंध्र आणि गुजरातमधल्या एका वेगळ्या लसप्रकल्पावरून गदारोळ झाला आणि २०१०मध्ये सरकारने लस देणंच थांबवलं. हजारो मुलींना एकच डोस मिळाला. पुढे वर्षानुवर्षं तपासलं, तर त्या एका डोसनेही त्यांना संरक्षण दिलेलं दिसलं. २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असं म्हटलं, त्यामागच्या पुराव्यांत या मुलीही आहेत.

त्या आज तिशीच्या आसपास असतील. यात्रेत माझ्याशेजारी बसतात त्या बायकांच्याच वयाच्या.