सणाचा गोडवा आणि रोजची साखर

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

ऊस गोड लागला म्हणून तो मुळासकट खाऊ नये, असं आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ऊस खाऊ नका असं सांगत नाही. खावा, गोड लागतो म्हणून आवडीनं खावा. फक्त कुठे थांबायचं ते कळावं, एवढंच तिचं म्हणणं. आज वजन, मधुमेह आणि गोड पदार्थ यांबद्दल जे काही बोललं जातं, त्यात दोन टोकं दिसतात. एक म्हणतं, साखर म्हणजे विष, घरातून हद्दपार करा. दुसरं म्हणतं, खाऊन घ्या हो, एकदाच तर जगायचंय. मी वैद्य नाही, इतिहासाचा विद्यार्थी आहे. या दोन टोकांच्या मधली वाट आपले पूर्वज कशी चालत होते आणि ती वाट आपल्या पायाखालून कधी सरकली, एवढंच मला आज सांगायचं आहे.

सुरुवात साखरेच्या नावापासूनच करू. संस्कृत ‘शर्करा’ या शब्दाचा मूळ अर्थ खडे किंवा वाळू. उसाचा रस आटवून त्याचे खडे करण्याची विद्या भारतानं जगाला दिली. आपली ‘शर्करा’ अरबांमार्फत युरोपात जाऊन ‘शुगर’ झाली आणि आपली ‘खांड’ ‘कँडी’ होऊन चॉकलेटच्या वेष्टनात परत आली. गोड खाण्याचा आपला इतिहास तेवढाच जुना आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं ‘मानसोल्लास’ लिहिला. त्यात राजाच्या भोजनाचं सविस्तर वर्णन आहे आणि आपल्या श्रीखंडाची पूर्वज ‘शिखरिणी’ही आहे. जिलबीचा माग पुण्याच्या भांडारकर संस्थेतील संशोधक प. कृ. गोडे यांनी काढला. जिनसूर या जैन ग्रंथकाराच्या १४५०च्या सुमाराच्या ‘प्रियंकरनृपकथे’त तिचा उल्लेख त्यांना सापडला. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त या मराठी पंडितानं तंजावरच्या मराठी राजाश्रयानं ‘भोजनकुतूहल’ हा ग्रंथ रचला. शास्त्री-पंडितांनाही पदार्थांविषयी कुतूहल वाटत होतं, आणि त्याची त्यांना लाज वाटत नव्हती.

त्याच परंपरेत लठ्ठपणाविषयीचा इशाराही आहे. चरकसंहितेत शरीराच्या आठ निंदनीय अवस्था सांगितल्या आहेत, त्यांत अतिस्थूल आणि अतिकृश हे दोघंही येतात. म्हणजे नुसतं बारीक असणं हा आदर्श तेव्हाही नव्हता. स्थूलतेची कारणं चरक सांगतो ती अशी: अति खाणं, जड, गोड व स्निग्ध अन्न, व्यायामाचा अभाव, दिवसा झोपणं, कशाचीच चिंता नसणं आणि बीजस्वभाव, म्हणजे आईवडिलांकडून आलेला वारसा. ही यादी आजच्या एखाद्या दवाखान्याच्या भिंतीवर लावली तरी फारसं बिघडणार नाही. जड पदार्थ वर्ज्य करा असं तो म्हणत नाही. ते तृप्तीच्या निम्म्यावर किंवा तिसऱ्या हिश्शावर थांबवा, असं म्हणतो. सुश्रुताचा सल्ला आणखी मजेदार आहे. प्रमेह बळावलेल्या रोग्याला तो कुस्ती, घोडेस्वारी अशा गोष्टी सांगतो. गरिबाला मात्र अनवाणी शंभर योजनं चालायला लावतो आणि आणखी कोणाला विहीर खणायला!

पण मंडळी, ग्रंथ वाचून माणसं संयमी होतात यावर माझा फारसा विश्वास नाही. आपले आजोबा-पणजोबा आपल्यापेक्षा मनानं खंबीर होते आणि आपण जिभेचे गुलाम झालो, असंही मला वाटत नाही. समोर आलं असतं तर त्यांनीही खाल्लंच असतं. फरक इतकाच, की त्यांच्या ताटाभोवती चार कुंपणं होती.

पहिलं कुंपण पंचांगाचं. प्रत्येक पदार्थाला त्याची तिथी होती. संक्रांतीला तीळगूळ आणि गुळाची पोळी, होळीला पुरणपोळी, पाडव्याला आधी कडुलिंबाचा पाला आणि मग श्रीखंड, नागपंचमीला पुरणाची दिंडं, नारळी पौर्णिमेला नारळीभात, चतुर्थीला मोदक. अनारशांचा मान अधिकमासाचा. जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, पण तो महिना साधारण तीन वर्षांतून एकदाच यायचा. वाट पाहणं हा त्या पदार्थाच्या चवीचाच भाग होता.

दुसरं कुंपण श्रमाचं. पुरण पाट्यावर वाटायचं, चक्का रात्रभर टांगून ठेवायचा, अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजवून, वाळवून, कुटायचे. मनात आलं आणि तोंडात टाकलं, असं होतच नव्हतं. तिसरं कुंपण वाटणीचं. एकवीस मोदकांचा नैवेद्य असला तरी खाणारं घर मोठं असे, शिवाय शेजारी ताट जाई. दिवाळीच्या फराळाचे डबे जितके भरत, तितकेच ते वाटून रिकामे होत.

चौथं कुंपण पैशाचं, आणि सर्वांत मजबूत तेच. माझ्या आजीच्या घरखर्चाच्या वहीत गूळ आणि साखर यांच्या ओळी वेगवेगळ्या आहेत. गूळ घरासाठी, साखर ‘पाहुण्यांकरिता’. साखर हा पाहुण्याचा मान होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, मुंबईत रेशनिंग आलं. स्वातंत्र्यानंतरही टंचाईच्या काळात साखरेवर पुन्हा पुन्हा नियंत्रणं आली. कार्डावरची साखर महिनाभर पुरवायची, हे गणित सांभाळलेल्या गृहिणी आजही अनेक घरांत आहेत.

या कुंपणांचं कौतुक करताना मात्र जपून बोललं पाहिजे. पाटा-वरवंट्याचे श्रम बाईचे होते आणि पंगतीत शेवटी उरलंसुरलं खाणारीही तीच होती. कित्येक घरांत गोड नसायचं ते संयमामुळे नव्हे, दारिद्र्यामुळे. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगाराच्या कामांवर खडी फोडणाऱ्या माणसांना सुकडी वाटली गेली. त्या मजुरासाठी तो गोड घास चैन नव्हती, जगण्याचा आधार होता. ज्या समाजानं पिढ्यान्‌पिढ्या उपाशीपण पाहिलं, त्याला गोडाची ओढ वाटली तर त्याला हावरट म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आता ही कुंपणं पडली कशी ते पाहू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात जावा बेटातली साखर मोठ्या प्रमाणावर येत असे. १९३२ साली सरकारनं देशी साखर उद्योगाला जकातीचं संरक्षण दिलं. तोवर देशात आधुनिक कारखाने जेमतेम तीसच्या आसपास होते. पाचएक वर्षांत ते शंभरावर गेले. मग १९५० साली, तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, लोणीजवळ प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटलांची जिद्द आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचं मार्गदर्शन यांतून झालेलं ते काम ग्रामीण महाराष्ट्राचं नशीब पालटणारं ठरलं. शाळा, रस्ते, दवाखाने त्यातून आले. त्याचबरोबर पाहुण्यांची साखर रोजची झाली, हाही त्याच इतिहासाचा भाग आहे. कारखान्यांकडून रेशनसाठी सक्तीनं घेतली जाणारी लेव्ही साखर २०१३ साली बंद झाली, तेव्हा त्या निर्णयाची चर्चा बाजाराच्या पानावर झाली, स्वयंपाकघरात फारशी नाही. कारण साखर आता कोणाला दुर्मीळ वाटतच नव्हती. मिक्सरनं पाटा हटवला, दुकानात चक्का आणि तयार पुरणपोळी मिळू लागली, कुटुंबं लहान झाली. चारही कुंपणं एका माणसाच्या हयातीत आडवी झाली.

आणि या सगळ्यात एक पाहुणा हळूच घरात शिरला, तो म्हणजे चहा. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये झालेला चहा प्रसिद्ध आहे. गोपाळराव जोशी यांनी घडवून आणलेल्या त्या कार्यक्रमाला रानडे, टिळक यांच्यासारखी मंडळी होती. पुढे गोपाळरावांनीच नावं छापून आणली आणि ग्रामण्याचं मोठं वादळ उठलं. वाद होता तो मिशनमध्ये चहा-बिस्किटं घेतल्याचा. त्या कपात साखर किती होती, हा प्रश्न कोणाच्याही मनात आला नाही. मला मात्र तोच प्रश्न आज महत्त्वाचा वाटतो.

साधा हिशेब करून बघा. दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर. चमचा पाच ग्रॅमचा धरला तर चाळीस ग्रॅम झाले, म्हणजे १६० कॅलरी. महिन्याला ४,८०० कॅलरी, वर्षाला साडेचौदा किलो साखर. चाळीसेक ग्रॅमचा एक बेसनलाडू साधारण दोनशे कॅलरींचा. म्हणजे नुसत्या चहातून आपण महिन्याला चोवीस लाडवांइतक्या कॅलरी पिऊन टाकतो, आणि लाडू खाल्ल्याचं समाधान काही मिळत नाही! जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं, की वरून घातलेली साखर एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि पाच टक्क्यांच्या आत असेल तर अधिक चांगलं. दोन हजार कॅलरींच्या आहारात हे पाच टक्के म्हणजे पंचवीस ग्रॅम, पाच चमचे. आपला चहाच ही मर्यादा दुपारी ओलांडतो आणि आपण अपराधी ठरवतो ते चतुर्थीच्या मोदकाला.

वजन मोजण्याच्या मापालाही इतिहास आहे. किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, हे सूत्र एकोणिसाव्या शतकात केतले या बेल्जियन गणितज्ञानं मांडलं. त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी १९७२ साली दिलं. युरोपीय लोकांसाठी २५ ही धोक्याची रेघ मानली गेली. पण आपलं शरीर वेगळं आहे, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामातून जगासमोर आलं. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि डॉ. जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा एक फोटो छापून आला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. मात्र शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! वरून सडपातळ दिसणारा भारतीय आत चरबी बाळगून असतो. म्हणून २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी रेघ खाली आणली: २३च्या पुढे वजन जास्त, २५च्या पुढे लठ्ठपणा. कमरेचा घेर पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावा, असंही त्यांनी सांगितलं. पाच फूट तीन इंच, म्हणजे १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसासाठी ही पहिली रेघ ५९ किलोंवर येते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनं भारतातील मधुमेहींची संख्या दहा कोटींवर असल्याचा अंदाज दिला. प्रश्न नुसता दिसण्याचा नाही, तो डोळ्यांचा, मूत्रपिंडांचा आणि हृदयाचा आहे.

मग गोड सोडायचं का? इतिहास तरी तसं सांगत नाही. उपाशी राहण्याचा मार्गही आपण वापरून पाहिला आहे. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण काही उगाच आलेली नाही. दिवसभराच्या उपवासानंतर साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि शेंगदाण्याचा लाडू यांनी जी भरपाई होते, ती सगळ्यांना ठाऊक आहे. स्वतःला छळून झालेली बचत एका बैठकीत खर्च होते.

इतिहासाकडून घेण्यासारखं काही असेल तर ती कुंपणंच आहेत. काळानं पाडलेली, पण आता आपण आपल्या हातानं, बळजबरीशिवाय पुन्हा घालू शकू अशी. पदार्थाला त्याची तिथी परत द्यावी; बारा महिने मिळणारं श्रीखंड पाडव्यालाच आणावं, मग बघा ते कसं लागतं. जमेल तेव्हा पदार्थ घरी करावा, आणि वाटणाचं-घाटणाचं काम घरातल्या पुरुषांनीही करावं. म्हणजे श्रमाचं कुंपण राहील आणि जुना अन्याय राहणार नाही. डबा भरला की अर्धा वाटून टाकावा. सुश्रुताची शंभर योजनं राहू द्या, पण रोज अर्धा तास झपझप चालावं. त्यानं सव्वाशे-दीडशे कॅलरी खर्च होतात, म्हणजे पुरता एक लाडूही जिरत नाही, हेही लक्षात ठेवावं. चालणं शरीरासाठी आहे, खाण्याचा परवाना म्हणून नव्हे. आणि ज्यांना मधुमेह जडला आहे, त्यांनी सणाचा घाससुद्धा आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावा.

कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’नं १९७०पासून मराठी घरांना वाटी-चमच्याच्या मापानं रांधायला शिकवलं. रांधण्याचं माप आपण शिकलो, वाढण्याचं मात्र विसरलो. जुन्या ताटात गोडाला जागा असे ती एका छोट्या वाटीची. ती वाटी अजून घराघरांत आहे. सणाच्या दिवशी ती भरून घ्यावी, मांडी घालून, चवीनं, कोणताही अपराधी भाव न ठेवता रिकामी करावी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहात साखर घालताना चमचा एकदाच बुडवावा.