डायल-अप मॉडेम घेताना कंपॅटिबिलिटी कशी तपासायची?

मॉडेमच्या बॉक्सवर सगळ्यात मोठा आकडा असतो '५६के'चा. पण तो मॉडेम तुमच्या कॉम्प्युटरवर चालेल की नाही, हे त्या आकड्यावरून कळत नाही. मॉडेम कॉम्प्युटरचा डेटा फोनलाइनवरून जाईल अशा सिग्नलमध्ये बदलतो आणि आलेल्या सिग्नलचा पुन्हा डेटा करतो. हे काम नेमकं कोण करतं, ते आधी बघा.

सॉफ्टमॉडेम (विनमॉडेम): यात बरंचसं काम ड्रायव्हरमार्फत कॉम्प्युटरचा प्रोसेसरच करतो. म्हणून तो स्वस्त पडतो. पण ड्रायव्हर नाही, तर मॉडेम नाही! विंडोज ९८ चा ड्रायव्हर एक्सपीवर चालेलच असं नाही आणि लिनक्ससाठी तर बऱ्याचदा मिळतच नाही.

हार्डवेअर मॉडेम: सगळं काम मॉडेममधल्या चिप करतात. कॉम्प्युटर फक्त सिरियल पोर्टवरून 'एटी' कमांड पाठवतो. १९८१ च्या हेज स्मार्टमॉडेमपासून हीच पद्धत चालत आली आहे. त्यामुळे विंडोज असो वा लिनक्स, फारशी अडचण येत नाही.

घेण्यापूर्वी हे तपासा:

१. इंटर्नल मॉडेम असेल, तर मदरबोर्डवर पीसीआय स्लॉट रिकामा आहे की आयएसए?

२. एक्स्टर्नल असेल, तर सिरियल पोर्ट ९ पिनचा आहे की २५ पिनचा? केबल त्याप्रमाणे लागते. खूप जुन्या मशीनमध्ये पोर्टची चिप १६५५० प्रकारची हवी. त्याआधीच्या ८२५० किंवा १६४५० चिपमध्ये बफर नसतो, त्यामुळे जास्त स्पीडला डेटा गळतो.

३. यूएसबी मॉडेमही सॉफ्टमॉडेम असू शकतो. बॉक्सवर फक्त विंडोजचंच नाव असेल तर सावध राहा.

४. व्ही.९० मध्ये डाउनलोड ५६ आणि अपलोड ३३.६ केबीपीएसपर्यंत जातो, व्ही.९२ मध्ये अपलोड ४८ पर्यंत. पण इंटरनेट कंपनीकडेही तेच स्टँडर्ड हवं, नाहीतर जोडणी खालच्या स्पीडवर होते.

५. एक्स्चेंज जुनं असेल आणि टोनवर नंबर लागत नसेल, तर सेटिंगमध्ये 'पल्स' निवडा.

शंका असेल तर सिरियल पोर्टचा एक्स्टर्नल हार्डवेअर मॉडेम घ्या. पैसे थोडे जास्त जातात, पण उद्या कॉम्प्युटर किंवा ऑपरेटिंग सिस्टीम बदलली तरी तो बहुधा कामी येतो. इंटर्नल कार्डच घेणार असाल, तर आधी तुमच्या सिस्टीमचा ड्रायव्हर हातात घ्या, मगच पैसे द्या.