दादरच्या शेतातली पंगत

बाल्कनीत बर्ड फीडर टांगला की चिमण्या आधी येतात आणि जागा अडवतात. मनोल्या एकमेकींना खेटून खाली सांडलेलं टिपतात. जळगाव-धुळ्यात ही पंगत जुनीच, फक्त ती दादरच्या शेतात बसायची. दादर म्हणजे आपली रब्बी ज्वारी.

जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश सनदी अधिकाऱ्यानं पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची यादी १८८२ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’ नियतकालिकात छापली. जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग व्हायला तेव्हा अजून चोवीस वर्षं होती.

कणसं भरली की चिमण्या-सुगरणींच्या पंगतीत पाहुणे उतरायचे. इराण-तुर्कस्तानाकडचे काळ्या डोक्याचे भारीट, उत्तरेकडचे रोजफिंच, शिवाय भोरड्या. (काटेकोर बोलायचं तर यात फिंच कुळातला एकटा रोजफिंच.) भारीट थेट कणसावर बसून दाणे काढतो. भांडणं होतात, पण थवा मोडत नाही, कारण जितके डोळे जास्त तितका ससाणा लवकर दिसतो. एकानं भरारी घेतली की सगळं शेत उठतं.

शेतकऱ्याला याचं कौतुक कुठून असणार? त्याची पोरं दिवसभर माळ्यावर, हातात गोफण. त्यांनी हाकललेला थवा शेजारच्या शेतात उतरायचा, तिथून पुन्हा इकडे.

पुढे कापूस, केळी, मका वाढले आणि दादर आक्रसली. गोफणीचं काम कमी झालं. कापसाच्या बोंडात भारिटाला खाण्यासारखं काही नसतं.